मोटोरो की लिओपोल्डी? १४ महिने दोन्ही पाकट सांभाळल्यावर

मोटोरो आणि लिओपोल्डी या गोड्या पाण्यातल्या पाकटांच्या, म्हणजे चकतीसारख्या चपट्या माशांच्या, दोन जाती. फोटो बघून निवडायचं तर माणूस लिओपोल्डीच उचलतो. काळंभोर अंग, त्यावर पांढरे ठिपके. शेजारी तपकिरी मोटोरो आपला साधाच दिसतो. मीही तसाच भुललो होतो. आता कुणी विचारलं तर पहिला पाकट मोटोरोच घ्या म्हणतो.

टँक ८ फूट लांब, ४ फूट रुंद, तळाशी बारीक वाळू. दोन्ही नर घेतले ते मुद्दाम. या जातींचा आपसांत संकर होतो आणि तसली पिल्लं मला नको होती.

मोटोरो पहिल्याच दिवशी गांडुळांवर तुटून पडला. आता मी दिसलो की काचेला पोट चिकटवून वर चढतो आणि माझा शर्ट भिजवतो. लिओपोल्डीने नऊ दिवस तोंड उघडलं नाही. वाळूत स्वतःला पुरून नुसते डोळे बाहेर. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना हाडांचे उंचवटे दिसायला लागले, म्हणजे उपासमारीची खूण, तेव्हा माझी झोप उडाली. दहाव्या रात्री दिवे मालवून कोळंबीचे तुकडे टाकले. हा सरकत आला, चकतीसारखं अंग तुकड्यावर टाकलं आणि तिथेच बसून राहिला. उठला तेव्हा खाली काही नव्हतं! पुढे गोगलगायी दिल्या, त्या मात्र लगेच फस्त. सकाळी वाळूत शंखांचा चुरा.

मोटोरो ओरिनोकोपासून पारानापर्यंत कितीतरी नद्यांत सापडतो. लिओपोल्डीचं घर म्हणजे ब्राझीलमधलं फक्त शिंगू नदीचं खोरं. हा फरक टँकमध्येही जाणवला. एकदा फिल्टर रात्रभर बंद पडला, पाण्यात माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढला. मोटोरोचा श्वास जरा वाढला, एवढंच. लिओपोल्डीच्या अंगाची कड वर वळायला लागली होती, पाकटात ही जीव धोक्यात असल्याची खूण. लगेच निम्मं पाणी बदललं म्हणून वाचला.

मोटोरोनेही एकदा घोर लावलाच. हीटरवर जाऊन झोपला आणि पोटावर भाजल्याचा पट्टा उठला. चूक माझी, जाळी लावली नव्हती.

लिओपोल्डी घ्यायचाच असेल तर पैदास केलेला, कागदपत्रांसह घ्या; २०२२ मध्ये ही जात साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये घ्यायचं ठरलं.

शेपटीवरचा काटा दोघांचाही विषारी. जुना गळतो, नवा येतो. गेल्या महिन्यात वाळू साफ करताना मोटोरोचा गळलेला काटा बोटाला लागता लागता राहिला. आता हात घालण्याआधी दोघे कुठे आहेत ते बघतो, मग वाळूही चाळतो.