समुद्राकाठच्या घराला रेडिमिक्सचं एम-५०: इंजिनिअरचा अनुभव

रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, पावसाळ्यात लाटांचे तुषार अंगणापर्यंत येतात अशा जागी एक दुमजली घर उभं राहिलं. त्याचं स्ट्रक्चरल डिझाइन माझं. पायापासून वरच्या स्लॅबपर्यंत सगळा माल, म्हणजे तयार मिसळून गाडीने येणारं काँक्रीट, एकाच रेडिमिक्स प्लांटचा.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावर किमान एम-३० लागतं, तुषार पोचत असतील तर एम-३५ (आकडा म्हणजे २८ दिवसांनंतरची दाब सोसायची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमी). मी एम-५० मागितलं तेव्हा मालकांनी विचारलं, "मॅडम, दोन मजल्यांना एवढं कशाला?" वजन पेलायला नकोच आहे एवढं. मला हवं होतं ०.३६ पाणी-सिमेंट प्रमाण आणि सिमेंटचा निम्मा भाग जीजीबीएस, म्हणजे दळलेला स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी). सिमेंट जमताना चुना सुटतो, स्लॅग त्याला धरून आतली सूक्ष्म छिद्रं बुजवत जातो, आणि खारं पाणी सळईपर्यंत पोचायला फार उशीर लागतो. कोकणात घरं वजनाने पडत नाहीत, सळई गंजून फुगते आणि कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, फोडते. वीस वर्षांच्या इमारतींचे छज्जे मी असे सुटलेले पाहते तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

प्लांटने न कुरकुरता आधी ट्रायल मिक्स (चाचणीपुरतं मिश्रण) करून दाखवलं. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, पावसात भिजली होती, तर तिच्यातलं पाणी मोजून मिक्सचं पाणी कमी केलं. हे मी स्वतः बॅचिंगच्या (माल मोजून मिसळण्याच्या) केबिनमध्ये उभी राहून पाहिलं, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

सात दिवसांच्या क्यूबची (ताकद तपासायला दाबून फोडतात त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) ताकद कमी आली तेव्हा ठेकेदार घाबरला. स्लॅगचा माल सुरुवातीला सावकाशच चढतो. २८ दिवसांना सरासरी ६० च्या पुढे गेली, ५६ ला आणखी वर. पण मला जास्त आनंद झाला तो क्लोराइडच्या चाचणीचा (आरसीपीटी; खारं पाणी काँक्रीटमधून किती सहज जाईल याचा अंदाज विजेने घेतात, आकडा जितका कमी तितकं चांगलं): हजार कूलंबच्या आत, म्हणजे 'अतिशय कमी' या वर्गात. मुंबईत जे. जे. उड्डाणपुलाला एम-७५ वापरलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. साध्या घरापर्यंत ही समज आता कुठे येतेय.

तक्रार एकच, गाड्यांच्या वेळेची. एक गाडी हायवेवर अडकली, दोन तास उलटले, माल घट्ट झालेला. ड्रायव्हर पाणी घालायला निघाला, मी थांबवलं आणि गाडी परत पाठवली. प्लांटने वाद न घालता दुसरी दिली, पण तोवर स्लॅबचं काम खोळंबलं ते खोळंबलंच.

घेणार असाल तर ऑर्डरवर नुसतं 'एम-५०' लिहू नका. स्लॅगचं प्रमाण, पाण्याचं प्रमाण, आरसीपीटीची मर्यादा, सगळं लिहून घ्या. क्यूब साईटवर, आलेल्या गाडीतूनच भरा. कव्हर ब्लॉक ५० मिमीचे लावा, आणि गोणपाट चौदा दिवस ओलं ठेवा. स्लॅगच्या मालाला क्युरिंगची कंजूषी अजिबात सोसत नाही. दर एम-३० पेक्षा जास्त आहे, तरी मी पुढच्या कामाला यांच्याकडूनच घेणार आहे. फक्त पहिली गाडी सकाळी सहाला, हायवे मोकळा असताना.