सरसकट दप्तरतपासणी की संशयापुरती झडती?
इंदूरला राजवाड्याजवळच्या एका शाळेच्या पालक समितीवर असलेल्या माझ्या वहिनींना पेच पडला आहे, की मोबाइल रोखण्यासाठी दर सोमवारी साऱ्या वर्गाची दप्तरे तपासावीत, की ठोस संशय असेल त्याचेच दप्तर उघडावे. सरसकट तपासणीत कुणा एकावर ठपका येत नाही, हे खरे. पण पहिला तास त्यातच जातो आणि वार कळला की मोबाइल सोमवारपुरता घरी राहतो. शिवाय आठवीतल्या मुलीच्या दप्तरातले सॅनिटरी पॅड सगळ्यांदेखत बाकावर पडले, तर त्या लाजेची भरपाई कोण करणार? संशयापुरत्या झडतीला वेळ थोडा लागतो, मात्र संशय कशावरून आला हे आधी लिहून ठेवले नाही, तर तीच ती दोन-चार मुले भरडली जातात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. अमेरिकेत १९८५ च्या टी.एल.ओ. (एका विद्यार्थिनीच्या नावाची आद्याक्षरे) खटल्यापासून सरकारी शाळेने विद्यार्थ्याची झडती घ्यायला वॉरंट नको, पण वाजवी संशय हवा. सहलीला निघताना किंवा परीक्षेच्या दाराशी, आधी कळवून, सरसकट तपासणी चालेल. चोरीची वा धोकादायक वस्तूची खबर असेल, तर बंद खोलीत, दोन शिक्षकांसमक्ष, आणि मुलगी असल्यास शिक्षिकेनेच, तेवढे एकच दप्तर उघडावे.