कागदावर उतरलेल्या प्लेटलेट

डेंगीच्या दिवसांत घरी येऊन रक्त नेणाऱ्यांचे नंबर सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. त्यांतल्याच एकाने आमच्या अण्णांना गंडवलं. रोज सकाळी त्याचा मुलगा यायचा, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचा आणि ती तशीच खिशात टाकायचा. त्या ट्यूबमध्ये ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. ते रक्तात नीट मिसळावं म्हणून ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची असते, नाहीतर गुठळ्या होतात. पण याला त्याची फिकीर कसली? तासाभरात मोबाइलवर रिपोर्ट हजर. प्लेटलेट उतरत उतरत २८,००० वर आल्या आणि लगेच फोन: "आजच ॲडमिट करा, ओळखीचं नर्सिंग होम आहे."

आमच्या वहिनी सरकारी रुग्णालयात लॅब टेक्निशियन. त्यांनी प्लेटलेट सोडून बाकीचे आकडे पाहिले. पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा टक्केवारीतला वाटा) ३८.४, तांबड्या पेशींची संख्या ४.१०. पहिल्याला दुसऱ्याने भागून दहाने गुणलं की एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते साधारण ९३.७ यायला हवं. छापलं होतं ८२! पांढऱ्या पेशींच्या टक्केवारीची बेरीज एका रिपोर्टात १०६. आणि पीसीव्ही सगळ्या रिपोर्टांत ३८.४ च.

मला खरा संताप आला तो याचा. डेंगीत रक्तातला द्रव बारीक वाहिन्यांमधून झिरपायला लागला की पीसीव्ही चढतो. डॉक्टर त्यावर डोळा ठेवून असतात. अण्णांचा तो चढला असता तरी या कागदावर कुणाला दिसला नसता.

वहिनींनी त्याच दिवशी दुसरीकडे रक्त तपासून घेतलं. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी काचेवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिलं. प्लेटलेट १,१२,०००, गुठळ्या नाहीत. अण्णा घरीच बरे झाले. आधीचं रक्त बहुधा बेसिनमध्येच गेलं असावं.

रिपोर्टाखाली सही होती, 'एमडी' होतं, नोंदणी क्रमांकही होता. तो क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळला तर भलत्याच डॉक्टरांचा निघाला. पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही रिपोर्टवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. तेव्हा क्रमांक आधीच पडताळा आणि मशीनचा मूळ प्रिंटआउट मागा; त्यावर तारीख, वेळ आणि पेशींचे आलेख असतात. आम्ही तो मागितला, तर त्या गृहस्थाने आमचा नंबरच ब्लॉक केला.