पुणे–नागपूर विमान: सहा-सात महिने ये-जा केल्यावर

पुण्याचा लोहगाव विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ सरळ रेषेत अंतर साधारण ६०५ किलोमीटर भरतं. जेट विमान वर पोचलं की ताशी ८०० ते ८५० किलोमीटरने जातं, म्हणजे कागदावर पाऊण तास. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास असतो, कारण ती वेळ इथल्या गेटवरून हलल्यापासून तिथल्या गेटला लागेपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेत तासभरच. बुकिंग करताना विमानाचा प्रकार बघा. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान असेल तर वेग ताशी पाचशेच्या आसपास, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटं जास्त धरा.

हिवाळ्यात जाताना आणि येताना वेळेत फरक पडतो. त्या दिवसांत वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. वारा ताशी शंभर किलोमीटरचा असेल तर नागपूरकडे जाताना पाच मिनिटं वाचतात आणि परतताना सहा-सात मिनिटं जास्त लागतात. नागपूरच्या उन्हाळ्यातली दुपार टाळलेली बरी. जमीन तापलेली असते आणि उतरताना शेवटची दहा मिनिटं विमान चांगलंच हादरतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या विमानाला धुक्याची धास्ती असते.

खरा वेळ जमिनीवर जातो. कोथरूडहून संध्याकाळी लोहगावला सव्वा तास धरा. विमानतळावर दीड तास, विमान दीड तास, पट्ट्यावरून बॅग यायला वीस-पंचवीस मिनिटं आणि पुढे धरमपेठेपर्यंत अर्धा तास. झाले पाच तास! फक्त सात किलोची हातातली बॅग आणि वेब चेक-इन असेल तर पाऊण तास सहज वाचतो. तरीही वंदे भारतच्या बारा तासांपुढे हे निम्म्याहून कमीच.

सगळ्यात जास्त वैताग उशिराचा. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि धावपट्टी एकच, तीही लढाऊ विमानांसोबत वाटून घ्यायची. शिवाय एकच विमान दिवसभर चार-पाच फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळी साचलेला उशीर रात्रीच्या प्रवाशाच्या माथी येतो. पहिलं विमान घ्या. ते जमत नसेल तर तुमचं विमान आधी कुठून येतंय ते ट्रॅकिंग अ‍ॅपवर बघा. सुटायच्या चाळीस मिनिटं आधीपर्यंत ते उतरलेलं नसेल तर वेळेवर निघणं विसरा, कारण माणसं उतरवून, सफाई करून, पुन्हा भरायला अर्धा-पाऊण तास लागतोच.

पुण्यात परतल्यावर कॅबसाठी एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीपर्यंत चालावं लागतं, हे वयस्कर माणसं सोबत असतील तर लक्षात ठेवा. नागपूरला मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. तेवढ्यापुरती रिक्षा करा, पुढे सीताबर्डीपर्यंत मेट्रो सरळ जाते. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवा. आईने दिलेलं लोणचं मात्र चेक-इनमध्ये टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत बरणी तिथेच राहील. सुकं खोबरं दोन्हीकडे नको.

हिवाळ्यात सकाळी जाताना डावीकडची खिडकी मागा. ऊन उजवीकडून येतं. शिवाय सरळ रेषेवर जवळजवळ बरोबर मध्यावर, डाव्या हाताला दहा-बारा किलोमीटरवर लोणार सरोवर आहे. विमान त्या वाटेने गेलं आणि आभाळ स्वच्छ असलं, तर सुटल्यावर अर्ध्या तासाने शेतांच्या चौकोनांमध्ये ते गोल, हिरवट पाणी शोधा.