विज्ञान प्रदर्शनासाठी काय घ्यावं: समुद्रातले जीव की समुद्राचा तळ?

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की नागपुरातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते. ‘समुद्र आणि हवामान’ हा विषय घेणाऱ्या मुलांपुढे दोन वाटा असतात: पाण्यातले सूक्ष्म जीव, नाहीतर खालचा तळ. दोन्ही एकाच तक्त्यावर कोंबले तर धड एकही सांगून होत नाही.

जीव घेतले तर दाखवायला लगेच काहीतरी हाती येतं. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रातले वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतीसारखे सूक्ष्म जीव, करतात. त्यांतले डायटम नावाचे एकपेशीय शैवाल गोड्या पाण्यातही असतात. फुटाळा तलावाच्या काठच्या दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर खरवडून थेंबभर स्लाइडवर घ्या आणि मायक्रोस्कोपखाली 400 पट मोठा करून बघा. होडीच्या आकाराचे, सोनेरी-तपकिरी, सिलिकाच्या पारदर्शक कवचातले जीव दिसतील. काही हळूहळू सरकतही असतात. मुलांनी एकदा हे पाहिलं की तक्ता वाचा म्हणून सांगावं लागत नाही.

खरी अडचण पुढे येते. प्लवकांनी कार्बन शोषला म्हणजे तो हवेतून कायमचा गेला असं होत नाही. बहुतेक प्लवक वरच्या पाण्यातच खाल्ले जातात आणि त्यांच्यातला कार्बन श्वसनातून परत फिरतो. 2009 मधला भारत-जर्मनीचा लोहाफेक्स प्रयोग इथे सांगायलाच हवा. प्लवक वाढावेत म्हणून दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटर भागात लोह टाकलं, प्लवक वाढलेही. पण त्या पाण्यात सिलिका कमी, म्हणून डायटम फोफावले नाहीत आणि जे वाढले त्यांतले बरेचसे प्राणी-प्लवकांनी, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांनी, फस्त केले. खोलात फारच थोडा कार्बन पोचला. ‘प्लवक वाढवा, तापमानवाढ थांबवा’ अशी घोषणा कृपा करून लिहू नका.

तळाचा विषय कोरडा वाटतो, पण कार्बन दीर्घकाळ कुठे अडकून राहतो, या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. वर तयार झालेल्या सेंद्रिय कार्बनपैकी एक टक्क्याहूनही कमी गाळात गाडला जातो. मात्र गाडलेला लाखो वर्षं तिथेच राहू शकतो. त्याच गाळात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं सापडतात आणि त्यांतल्या ऑक्सिजनच्या हलक्या आणि जड प्रकारांच्या प्रमाणावरून हजारो वर्षांपूर्वीचा मान्सून कसा होता याचा अंदाज बांधता येतो. शिवाय कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या सागरतळाखाली थंडी आणि दाबामुळे पाण्यासह बर्फासारखा गोठून राहिलेला मिथेन वायू आहे. 2006 च्या मोहिमेत त्याचे नमुने काढले गेले.

नागपूरकरांना हा विषय जवळचाही आहे. इथला गाळही नदीवाटे समुद्राकडे जातो: नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, मग प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. वाटेत गोसीखुर्दसारखी धरणं बराच गाळ अडवतात, तेही नकाशावर दाखवा.

पाचवी ते सातवीच्या मुलांनी मायक्रोस्कोप मिळत असेल तर खुशाल जीव घ्यावेत. आठवीपासून पुढे माझं मत ठामपणे तळाच्या बाजूने आहे. खर्चही नाही. दोन बाटल्यांत साधं पाणी आणि चमचाभर काळी माती घ्या, एकीत मीठ टाका, दोन्ही हलवून ठेवा. साधं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून लवकर खाली बसतात. नदीच्या मुखाशी हेच घडतं, आणि मातीला चिकटलेला कार्बनही तिच्याबरोबर तळाला जातो.