निळा वेताळ, 37/150

वेताळाचं चित्र विकणाऱ्याने मला सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी होती. खोटा होता तो कागद.

माणूस अभ्यासू. लेखक ली फॉकचा वेताळ, म्हणजे इंग्रजी कॉमिक्समधला फँटम, 17 फेब्रुवारी 1936 ला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात आला, रविवारची रंगीत चित्रपट्टी 1939 मध्ये सुरू झाली, 1961 पासून साय बॅरीने तीस वर्षांहून जास्त काळ तो काढला, हे सगळं तोंडपाठ. आपल्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समध्ये मराठीतून वेताळ वाचलाय, त्यामुळे गप्पा रंगायला वेळ लागत नाही, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी विचारलं, वेताळ जांभळा, मग हा निळा कसा? उत्तर तयार होतं. "सर, स्वीडनमध्ये तो निळाच असतो. तुम्ही जाणकार आहात म्हणून तुम्हाला दाखवतोय, नाहीतर लोक यालाच नकली म्हणतात." स्वीडनमध्ये तो खरोखरच निळा असतो. इटलीत लाल. मी ताडून पाहिलं, बरोबर निघालं, आणि तिथेच माझा संशय मिटला. गिऱ्हाईकाचा संशय असा मिटवायचा, हीच त्याची विद्या.

माल असा सांगितला होता: 1985 सालची 150 प्रतींची मर्यादित आवृत्ती, फक्त काळी रेष छापलेली, रंग प्रत्येक प्रतीवर ब्रशने भरलेले, खाली पेन्सिलीने चित्रकाराची सही, साल आणि 37/150, म्हणजे 150 पैकी 37 वी प्रत. सोबत सोनेरी स्टिकर लावलेलं प्रमाणपत्र. अठ्ठावीस हजार म्हणाला, घासाघीस करून बावीसवर आला. पैसे मात्र स्वतःच्या नाही, "भाच्याच्या" नंबरवर मागितले.

अशा चित्रांचा धंदा मुळात खोटा नाही, हे आधी सांगतो. रेष सिल्कस्क्रीनने (जाळीतून शाई दाबून) किंवा लिथोने (सपाट दगडावरून किंवा पत्र्यावरून) छापून घेतात आणि मग एकेक प्रत हाताने रंगवतात. फ्रान्समध्ये तर स्टेन्सिल ठेवून रंग भरायची जुनी पद्धत आहे. अमेरिकन कॉमिक्समध्ये छापखान्याला रंग कळावेत म्हणून पानाच्या झेरॉक्सवर पातळ शाईरंग भरून देत, त्या मार्गदर्शक पानांचेही आज संग्राहक आहेत. हाताने रंगवलेल्या दोन प्रती हुबेहूब सारख्या निघत नाहीत. एकीत निळा जरा दाट, दुसरीत रेषेबाहेर गेलेला. जास्तीचे पैसे लोक त्या फरकाचेच मोजतात.

चित्र फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याच्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे काका बसतात, त्यांची डोळ्याला लावायची काच मागून घेतली. वेताळाच्या हनुवटीवर धरली. ब्रशने भरलेला फिका गुलाबी रंग काचेखालीही सलग दिसायला हवा, कडेला जरासा साचलेला. इथे किरमिजी, पिवळे, मधूनच आकाशी असे बारीक ठिपके शिंपडल्यासारखे पसरलेले. साध्या ऑफसेट छपाईचे ठिपके ओळीत, फुलाच्या आकारात बसतात. हे अस्ताव्यस्त होते. म्हणजे इंकजेट, शाईचे बारीक थेंब उडवून छापणारं यंत्र. आणि चित्रांच्या प्रती इंकजेटवर काढण्याचं काम कॅलिफोर्नियात सुरू झालं तेच 1990 च्या आसपास. सहीखाली साल 1985!

पण त्याने मला व्हिडिओ पाठवला होता, त्यात ब्रशचे फटकारे स्वच्छ दिसत होते. ते कुठून आले? ओला इअरबड पिळून कंबरपट्ट्यावरच्या कवटीला टेकवला, तर कापसाला रंग लागला. मांडीवर टेकवला, काही नाही. छातीवर, झाडांवर, काही नाही. सगळं चित्र यंत्रातून काढून एवढ्या पट्ट्यावर खरा जलरंग फिरवला होता आणि व्हिडिओ नेमका तेवढ्याच भागाचा. "हाताने रंगवलेलं" हेही म्हटलं तर खरंच! (इअरबडचा उद्योग दुसऱ्याच्या चित्रावर करू नका. अस्सल असेल तर तुम्हीच नुकसान कराल.)

शेवटचा पुरावा नागपूरच्या एका संग्राहकाकडून मिळाला. त्याच्याकडे 112/150. दोघांनी आपापल्या चित्राचे फोटो शेजारी ठेवले. डाव्या गुडघ्यापाशी निळा रंग रेषेबाहेर ओघळलाय, त्याच्याही चित्रात तिथेच, तेवढाच, टोकाला तसाच वळलेला.

विकणाऱ्याला दोन्ही फोटो पाठवले. आधी "सर, रंगवणारा माणूस एकच होता ना", मग "माल परत घेत नाही", मग नंबर बंद. काही दिवसांनी नव्या नावाच्या खात्यावर तेच चित्र विक्रीला, आकडा पुन्हा 37/150. बदलण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

पोलीस ठाण्यात "चित्र मिळालं ना तुम्हाला, मग फसवणूक कसली?" असं ऐकावं लागलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे आणि एक सांगून दुसराच माल गळ्यात मारणं त्यात येऊ शकतं. जाहिरातीचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला गेला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन नंबरवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार झाली तर ते गोठवता येतात. मला उशीर झाला होता.

असं काही घेणार असाल तर प्रमाणपत्राचा फोटो मागत बसू नका, स्टिकर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीचा फोटो मागा. चेहरा, हात आणि मोकळं आकाश यांचे जवळून घेतलेले फोटो मागा, जागा तुम्ही निवडा, त्याला निवडू देऊ नका. आणि निळा वेताळ आधीच घरात असेल, तर त्याचा डावा गुडघा बघून मला कळवा. नागपूरकर आणि मी एकत्र तक्रार करतोय, तिसरा-चौथा माणूस मिळाला तर बरं.