12 व्होल्टचा एसएमपीएस, एलईडी पट्टी आणि आबांचा रेडिओ : वर्षभराचा अनुभव

हॉलच्या पीओपीत 5050 जातीच्या (पाच मिलिमीटर चौकोनी) एलईडींची पाच मीटर पट्टी घरीच बसवली, त्याला वर्ष होत आलं. पट्टीबद्दल तक्रार नाही. डोकं उठवलं ते तिला करंट देणाऱ्या डब्यानं.

पहिला एसएमपीएस, म्हणजे घरच्या लाईनचे 12 व्होल्ट करून देणारा डबा, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून आणला. जाळीचा, लेबल 12 व्होल्ट 10 अँपिअर. मीटरला 14.4 वॅट धरा, पाच मीटरला 72, म्हणजे सहा अँपिअर. कागदावर भरपूर. पण पट्टी पेटवली की मल्टिमीटर 11.3 दाखवायचा आणि पट्टीच्या शेपटाला दहाच्या आसपास. तीन एलईडींच्या एका साखळीलाच नऊ-साडेनऊ व्होल्ट लागतात, उरलेल्या अर्ध्या-एक व्होल्टावर करंट कितीसा वाहणार, मग तिथं उजेड कुठनं पडणार? दोन्ही टोकांना सप्लाय दिला, तेव्हा टोक जरा उजळलं. एवढं चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते रेडिओचं. आबा मीडियम वेव्हवर सांगली आकाशवाणी लावतात, आणि हॉलची लाईट लागली की पिठाची गिरण सुरू झाल्यासारखी घरघर. लाईट बंद, बाई स्वच्छ बोलायला लागली. लाईट चालू, घरघर. संध्याकाळच्या बातम्या आम्ही अंधारात ऐकत होतो.

ऐन पावसाळ्यात, व्होल्टेज वरखाली होत असताना डबा गेला. दुकानदार म्हणाला, "लाईटच्या मालाला गॅरंटी नसते, पाहुणं. चालला तेवढा चालला." घरी येऊन उघडला. कपॅसिटरची टोपी फुगलेली, ते ठीक. पण इनपुटला फिल्टरची, म्हणजे आतला विजेचा कचरा बाहेर जाऊ न देणारी, कॉइल हवी तिथं चक्क तारेचे दोन तुकडे टाकलेले! बोर्डावर कॉइलची खूण छापलीय, वस्तू नाही. त्या कॉइलला किती पैसे पडतात हो? हा डबा आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्या वेगाच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सींचा सगळा कचरा मीडियम वेव्हमध्ये येतो. अडवायला काही नकोच म्हटल्यावर रेडिओ बोंबलणारच.

मग जीव मुठीत धरून मीन वेल कंपनीचा एलआरएस-100-12 हा एसएमपीएस घेतला. किंमत अडीचपट. लेबलवर 8.5 अँपिअर, पण ते खरे 8.5. फुल लोडला 12 व्होल्ट जागेवर, पंखा नाही, आवाज नाही. आणि रेडिओ? घरघर थोडीशीच कमी! त्या रात्री मी अडीचपट पैशांचा हिशेब करत बसलो होतो. वर बॉडीला हात लावला की झिणझिण्या.

झिणझिण्यांनीच उलगडा केला. मंगळवार पेठेतलं जुनं घर, हॉलच्या सॉकेटला तिसरी पिन नावालाच. फिल्टर आतला कचरा अर्थिंगला सोडतो. अर्थिंगच नसेल तर तो जाणार कुठं? वायरमन बोलावून मीटर बोर्डापासून हिरवी वायर ओढून घेतली. झिणझिण्या गेल्या, सांगली आली. म्हणजे वर डब्याला जेवढ्या शिव्या घातल्या, त्यातल्या थोड्या सॉकेटच्या नावावर टाका. कॉइलच्या मात्र परत घेणार नाही.

एक भानगड अजून आहे. डिमरनं उजेड कमी केला की बारीक घरघर परत येते. तो डिमरचा गुण, तोही चालू-बंद करूनच उजेड कमी करतो, आणि पाच मीटरची पट्टी त्याची एरियल होते. त्यामुळं बातम्यांच्या वेळी लाईट फुल, हा आमच्या घरातला नियम.

आता गच्चीवर दहा मीटर टाकायचीत. 144 वॅट, 12 व्होल्टला 12 अँपिअर. एवढ्याला जाड वायर घ्यायची तर तांब्याचे भाव बघून घाम फुटतो. म्हणून 24 व्होल्टची पट्टी घेणार, करंट निम्म्यावर येतो. सप्लाय 200 वॅटचा, छपराखाली कोरड्या जागेत. आबा विचारतायत, गच्चीवर रेडिओ ऐकू येईल का.